पाहुणा वेरूळ पाहतो आणि पनीर खाऊन परततो

गोव्याला जाऊन आलेल्या मित्राला विचारा, तिथे काय खाल्लेस? बऱ्याचदा उत्तर येते, चिकन तंदुरी, पनीर टिक्का, चायनीज, पिझ्झा. समुद्राच्या वाळूत पाय बुडवून बसायचे आणि जेवायचे मात्र दिल्लीच्या ढाब्यावरचे. हे इतके वाढले की गोवा सरकारला आपल्या 2023-26 च्या शॅक धोरणात स्थानिक पदार्थांची अट घालावी लागली. 2024 च्या जानेवारीत पर्यटनमंत्री रोहन खंवटे यांनी जाहीरच केले की किनाऱ्यावरच्या प्रत्येक शॅकमध्ये गोव्याचा फिश करी-राइस मिळालाच पाहिजे. जो पदार्थ तिथल्या घरात रोज शिजतो, तो तिथल्याच किनाऱ्यावर ठेवण्यासाठी सरकारला आदेश काढावा लागला.

आता आपल्या शहराकडे या. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे कालपरवापर्यंतच्या औरंगाबादला, समुद्र नाही. पण पर्यटन आहे, आणि चांगले मोठे आहे. अजिंठा आणि वेरूळ या दोन्ही लेण्यांना 1983 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. बीबी का मकबरा, पाणचक्की, देवगिरीचा किल्ला, घृष्णेश्वर, खुलताबादचे दर्गे, पैठण, सगळे एकाच जिल्ह्यात. सरकारी फलकांवर या शहराला महाराष्ट्राची पर्यटन राजधानी म्हटले जाते. देशोदेशीचे बौद्ध यात्रेकरू येतात, शाळांच्या सहली येतात, पुण्या-मुंबईची कुटुंबे जोडून सुट्टी आली की गाडी काढतात.

या पाहुण्याचा दिवस कसा जातो ते आपल्याला पाठ आहे. सकाळी वेरूळ, दुपारी खुलताबाद आणि दौलताबाद, ऊन उतरल्यावर मकबरा. रात्री जेवायला मुक्कामाच्या हॉटेलात, नाहीतर ड्रायव्हर नेईल तिथे. पुढ्यात जाड मेन्यूकार्ड. त्यात ‘मुघलाई’ नावाचे एक पान असते. पण मागे स्वयंपाकघरात लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन ग्रेव्ह्यांची भांडी तयार असतात आणि सगळे पदार्थ त्यांतूनच निघतात. हे जेवण लुधियानात मिळते, इंदूरमध्ये मिळते, महामार्गावरच्या कुठल्याही हॉटेलात मिळते. बिल मात्र पर्यटन राजधानीचे असते. पाहुणा दुसऱ्या दिवशी निघून जातो. मकबऱ्यापासून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर, जुन्या शहरात, त्याच्या निम्म्याहून कमी पैशात पोटभर नान-खलिया मिळतो, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

गोव्यात स्थानिक पदार्थ किनाऱ्यावरून हळूहळू हटला. आपल्याकडे तो पर्यटकापर्यंत कधी पोहोचलाच नाही. त्याची काही कारणे बाहेरची आहेत, त्यांबद्दल आपण खूप बोलतो. काही कारणे आपल्या बाजूची आहेत, त्यांबद्दल फारसे बोलत नाही. मला इथे दुसऱ्या प्रकारच्या कारणांवर जास्त बोलायचे आहे, कारण ती दूर करणे आपल्या हातात आहे.

खलिया कुठून आला

नान-खलियाची गोष्ट प्रत्येकाने ऐकलेली असते. महंमद बिन तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली. त्या लवाजम्याबरोबर, फौजेला एकदम खाऊ घालता येईल असा हा पदार्थ आला, असे सांगतात. ही ऐकीव कहाणी आहे आणि ती कहाणी म्हणूनच सांगावी. नोंदीत सापडते ते एवढे, की मूळ शब्द ‘कलिया’ हा तळणे-परतणे या अर्थाच्या अरबी धातूतून आला आहे, आणि अबुल फजलच्या आइन-ए-अकबरीत मांसाच्या पदार्थांमध्ये कलियाचे नाव आहे. बंगालात माशाचा कालिया करतात, काश्मीरमध्येही कलिया आहे. म्हणजे नावाने हा पदार्थ देशभर हिंडलेला आहे.

मग तो आपला कसा? त्याचे उत्तर मसाल्यात सापडते. आपल्याकडच्या खलियात सुके खोबरे पडते, तीळ पडतात, खसखस, धणे, शेंगदाणे भाजून वाटून पडतात. मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात काळ्या मसाल्याचा किंवा येसराचा घाट घातला की हेच जिन्नस तव्यावर भाजले जातात. पाऊस कमी, कोरडवाहू शेती. इथले वाटण ओल्या नारळाचे नाही, सुक्या खोबऱ्याचे आणि तिळाचे. दिल्लीहून आलेला बावर्ची असो की इथलाच कुणी, त्याने आपल्या देगेत या मातीतले तीळ घातले आणि पदार्थ इथला झाला. ‘मुसलमानी जेवण’ आणि ‘मराठी जेवण’ अशी दोन ताटे वेगळी मांडणाऱ्यांनी एकदा खलियाची तर्री चाखावी आणि मग गावाकडच्या मटणाचा रस्सा चाखावा. नाते जिभेला कळते.

नानही तसाच. पंजाबी हॉटेलातल्या नानसारखा तो तंदूरमधून निघाला की लगेच खायचा, नाहीतर चामडे होतो, असे नाही. मैद्याला खमीर आणून, वरून हळदीची पिवळसर झाक देऊन, भट्टीच्या भिंतीला लावून तो भाजतात. सकाळचा नान संध्याकाळपर्यंत मऊ राहतो. म्हणून लग्नाच्या दावतीला शेकड्यांनी नान आदल्या दिवशी भट्टीवर सांगून ठेवता येतात आणि घरी फक्त देग चढवावी लागते. या पदार्थाची घडणच मुळी खूप माणसांना कमी खर्चात जेवू घालण्याची आहे. त्याला ‘शाही’ म्हणून विकणे हा त्याच्यावर अन्याय आहे. तो फौजेचा, दावतीचा, मोहल्ल्याचा पदार्थ आहे.

आणि आपले ताट खलियावर संपत नाही. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या काळाने खिचडी-खट्टा दिला, बघारे बैंगन दिले, डबल का मीठा दिला. शेजाराने ज्वारीची भाकरी, ठेचा, धपाटे दिले. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरात सकाळी भाकरी-पिठले आणि शुक्रवारी तहारी हा रिवाज आहे. सराफा-गुलमंडीची इमरती ईदलाही येते आणि दिवाळीलाही. दौलताबादच्या रस्त्यावर हंगामात सीताफळांच्या आणि पेरूंच्या पाट्या लागतात. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे आला, तेव्हा त्यानेही दौलताबादच्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंद केली. प्रवासी जे खातो ते लिहून ठेवतो आणि जगाला सांगतो. आज आपण त्याला सांगण्यासारखे काही देतो का, हा प्रश्न आहे.

भिंत दोन्ही बाजूंनी आहे

बाहेरची कारणे आधी पाहू. शहागंज हे नाव राज्याच्या बातम्यांत आले ते 2018 च्या मे महिन्यातल्या दंगलीमुळे. किराडपुरा आले ते 2023 च्या रामनवमीच्या आदल्या रात्रीच्या जाळपोळीमुळे. 2025 च्या मार्चमध्ये खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला, तिथे पोलीस बंदोबस्त वाढला, बाजूने पत्रे उभे राहिले. बाहेरच्या माणसाला या मोहल्ल्यांची ओळख टीव्हीवरच्या अशा चित्रांतूनच होते. मग हॉटेलच्या काउंटरवर त्याने ‘इथले खास काय खायचे?’ असे विचारले, तर समोरचा माणूस आधी त्याच्या कपाळाकडे आणि आडनावाकडे पाहतो, मग सांभाळून उत्तर देतो. ड्रायव्हरला ठरावीक ठिकाणी गाडी थांबवली की कमिशन मिळते, हे तर पर्यटनाच्या सगळ्याच गावांत चालते. नानच्या भट्टीवाल्याला कमिशन देणे परवडणार नाही. त्यामुळे त्याचे नाव कुणीच घेत नाही.

यात नुकसान कुणाचे? पर्यटकाचे एका जेवणाचे. भट्टीवाल्याचे आणि त्याच्याकडे काम करणाऱ्या पोरांचे रोजचे. आणि शहराचे त्याहून मोठे. जो माणूस एकदा शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली उभा राहून जेवला, त्याला पुढच्या वेळी टीव्हीवर शहागंजचे नाव ऐकल्यावर जळती गाडी एवढेच आठवणार नाही. त्याला तिथला माणूसही आठवेल, त्याने आग्रहाने वाढलेली जादा तर्री आठवेल. एका जेवणाने दंगली थांबत नाहीत, हे खरे. पण एखाद्या वस्तीबद्दल काहीही सांगितले तरी खपते, ते तिथे कुणी कधी गेलेलेच नसते म्हणून.

आता आपली बाजू. आपण पाहुण्याला बोलावतो का? मेहमाननवाझीच्या गप्पा आपण फार मारतो. ओळखीचा माणूस घरी आला तर त्याच्यासाठी जीव टाकतो, हेही खरे. पण अनोळखी माणूस, त्यातही बायका-मुलांसह, जुन्या शहरातल्या आपल्या खानावळीच्या दारात उभा राहिला तर त्याला काय दिसते? बाहेर भावफलक नाही. आत फक्त पुरुष. बाईने बसायचे कुठे ते कळत नाही. हात धुवायची जागा अंधारी, स्वच्छतागृह नाही. कुठले मांस आहे हे कुठेही लिहिलेले नाही आणि विचारायची त्याला भीती वाटते. तो दोन मिनिटे घुटमळतो आणि परत फिरतो. मग आपण म्हणतो, लोक आपल्याकडे यायला घाबरतात. काही घाबरतात. काहींना आपण आत या असे म्हणालेलोच नसतो.

मांसाचा मुद्दा स्पष्ट बोलला पाहिजे. महाराष्ट्रात 2015 पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे. म्हैसवर्गीय जनावरे त्या बंदीत येत नाहीत. जुन्या शहरात खलिया मटणाचाही मिळतो आणि म्हशीच्या मांसाचाही, आणि दुसरा साहजिकच स्वस्त असतो. गरीब माणूस तोच खातो. यात लपवण्यासारखे काहीही नाही. पण लिहिलेले नसले की संशयाला जागा राहते, आणि आजच्या काळात संशय किती महाग पडतो हे आपल्याला कुणी सांगायला नको. ‘बकऱ्याचे मटण’, ‘म्हशीचे’, ‘चिकन’ असे मराठीत आणि हिंदीत स्वच्छ अक्षरांत लिहिलेला फलक हा खाणाऱ्याचा हक्क आहे आणि दुकानदाराचे संरक्षणही.

दुसरा मुद्दा शाकाहाराचा. सहलीला येणाऱ्या मराठी कुटुंबात एकजण मांस खाणारा आणि तिघे न खाणारे, असे सर्रास असते. सोमवार, गुरुवार, एकादशी, श्रावण, यांचा हिशोब वेगळाच. आपल्या खानावळीत त्यांच्यासाठी काय आहे? नानबरोबर बघारे बैंगन आणि खट्टी दाल दिली तर काय बिघडेल? दोन्ही आपल्याच घरचे पदार्थ आहेत. वेगळे भांडे, वेगळा चमचा ठेवला आणि तसे सांगितले की ते कुटुंब एका बाकावर बसून जेवेल. मुसलमानाचे जेवण म्हणजे मांस, हा समज दुसऱ्यांनी पसरवला असे आपण म्हणतो. आपल्या मेन्यूनेही त्याला बराच हातभार लावला आहे.

ज्यांनी हे करून दाखवले

हे काही अशक्य काम नाही. कोकणाकडे पाहा. मालवण-तारकर्लीला गेलात तर गल्लीबोळात ‘घरगुती खानावळ’ अशा पाट्या दिसतात. घरातली बाई सकाळी बाजारातून मासे आणते, मोजक्या ताटांचा स्वयंपाक करते, ओसरीवर पानं मांडते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेने अशा घरांना मान्यतेची पाटी दिली. गोव्याला आज जी सक्ती करावी लागते आहे, ती मालवणात करावी लागली नाही, कारण तिथे जेवण वाढणारा माणूसच गावातला आहे. दापोली-हर्णै पासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंतच्या कोकणी मुसलमान घरांतही तांदळाच्या भाकरीचा आणि सांदणाचा मोठा वारसा आहे. तिथल्या वाचकांनीही हा प्रश्न आपापल्या गावाला लावून पाहावा.

आपल्या जिल्ह्यातच हुरड्याचे पाहा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी शेतावर हुरडा खाणे ही घरच्या पाहुण्यांपुरती गोष्ट होती. आज डिसेंबर-जानेवारीत शहराच्या आसपास जागोजागी हुरडा पार्टीचे फलक लागतात. शेतकऱ्याने भाव लिहिला, सावली केली, बायकांसाठी सोय केली, गाडी लावायला जागा दिली. ज्वारीची कणसे तीच आहेत.

आणि हैदराबादचे उदाहरण तर घरचेच. तिथल्या हलीमला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते मागितले हलीम बनवणाऱ्यांच्या संघटनेने. आपापसात स्पर्धा करणारे दुकानदार एकत्र बसले, हलीम कशाला म्हणायचे याचे निकष त्यांनी ठरवले, तेव्हा ते झाले. पुढे 2019 मध्ये युनेस्कोने हैदराबादला खाद्यसंस्कृतीसाठी सर्जनशील शहरांच्या जाळ्यात घेतले. आपल्या मराठवाड्यातही केशर आंब्याला आणि जालन्याच्या मोसंबीला मानांकन आहे, तेही बागायतदार संघटित झाले म्हणून. आपल्या नान-भट्टीवाल्यांची एक बैठक घ्यायला कुणाच्या परवानगीची गरज आहे?

स्वस्त आहे ते स्वस्तच राहिले पाहिजे

इथे एक रास्त शंका निघते. पर्यटक आले की भाव वाढतील, मग रात्री पाळी संपवून येणारा हमाल, रिक्षावाला, वसतिगृहातला विद्यार्थी कुठे जेवणार? मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर रमजानच्या रात्री काय गर्दी असते ते आपण पाहतो. तिथे रोजेदाराला इफ्तारीनंतर बाकावर जागा मिळवायला फोटो काढणाऱ्यांच्या मागे उभे राहावे लागते. आपल्या बुढ्ढीलेनचे किंवा रोशन गेटचे तसे व्हावे असे मलाही वाटत नाही.

म्हणून भावफलक हवा. एकच भाव, सगळ्यांना दिसेल असा, मोहल्ल्यातल्या माणसाला आणि जपानहून आलेल्याला तोच. पर्यटकाचा दर वेगळा लावला की दोन नुकसाने होतात. पाहुणा फसवल्याची भावना घेऊन जातो आणि आपला माणूस हळूहळू बाहेर ढकलला जातो. स्थानिक जेवण ओळखायची खूण अगदी साधी आहे, स्थानिक माणूस तिथे रोज जेवतो. तो यायचा थांबला की खलिया तोच राहील, पण ते दुकान फक्त पर्यटकांचे होईल. हॉटेलांत भरवल्या जाणाऱ्या ‘नवाबी फूड फेस्टिव्हल’चे हेच होते. झुंबर, शेरवानी घातलेला वेटर, चांदीच्या वर्खाची प्लेट, आणि ज्याच्या आजोबांनी ही देग चढवली तो बावर्ची मागच्या दाराने दिवसाच्या मजुरीवर आलेला.

पैसा त्याच्या हातात राहील असे कायदे आणि योजना आहेत. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असली पाहिजे, तिच्यात किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांत एक तृतीयांश महिला असल्या पाहिजेत. आपल्या हातगाडीवाल्यांपैकी किती जणांना याची माहिती आहे? छोट्या विक्रेत्याला अन्न सुरक्षा कायद्याखाली साधी नोंदणी पुरते. ती केली की दारावर क्रमांक लावता येतो आणि बाहेरच्या माणसाचा विश्वास वाढतो. केंद्राने 2023 मध्ये देशात 100 स्वच्छ खाऊगल्ल्या उभारण्यासाठी प्रत्येकी 1 कोटी रुपयांची योजना आणली. अशा योजनांत आपल्या वॉर्डाचे नाव सुचवायला कुणी नगरसेवकाकडे जाते का? राज्याच्या पर्यटन विभागाचे 2023 चे ‘आई’ हे महिलांसाठीचे धोरण आहे. त्यात पर्यटनाशी जोडलेल्या महिलांच्या व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरचे व्याज परत देण्याची तरतूद आहे. आपल्या मोहल्ल्यांत लग्नाच्या खिचड्या, शीरखुर्मा, लोणची करून देणाऱ्या कितीतरी खाला आणि आपा आहेत. त्यांच्या हातचे जेवण पाहुण्याने त्यांच्याच ओसरीवर, नाहीतर बचत गटाच्या छोट्या जागेत बसून खाल्ले, तर ते त्यांच्या नावाचे उत्पन्न होईल. आणि जिथे वाढणारी बाई असते तिथे जेवायला येणाऱ्या बाईला धीर येतो. एकटी आलेली मुलगी असो की चार मैत्रिणी.

मुसाफिराचे शहर

पाणचक्की सगळे पाहतात, मासे पाहतात, फोटो काढतात. ती कशासाठी होती हे फार थोड्यांना आठवते. मध्य आशियातून आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी ती जोडलेली आहे. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी कित्येक किलोमीटर मातीच्या नळांतून आणून, उंचावरून पाडून त्यावर जाते फिरवले जाई आणि तिथे येणाऱ्या प्रवाशांसाठी, फकिरांसाठी धान्य दळले जाई. ज्या शहराने अनोळखी माणसाच्या भाकरीसाठी पाण्यावर चालणारे यंत्र उभारले आणि ज्याच्या एका मोठ्या सूफीचे नावच मुसाफिर आहे, त्या शहरात मुसाफिराला जेवायला कुठे जावे कळत नाही, हे शोभत नाही.

काम कुठून सुरू करायचे? तुमच्यापैकी बरेचजण कॉलेजात आहात, मोबाइल हातात आहे, मराठी, उर्दू, हिंदी आणि थोडीफार इंग्रजी येते. जुन्या शहरातल्या बहुतेक भट्ट्यांना नावाची पाटी नाही, म्हणून त्या नकाशावर नाहीत. प्रत्येकाने आपल्या गल्लीतली एक भट्टी, एक खानावळ, एक खाला निवडावी. मालकाला विचारून तिचे ठिकाण गूगल मॅपवर टाकावे, वेळ लिहावी, खरा भाव लिहावा, कुठले मांस मिळते आणि शाकाहारी काय मिळते ते लिहावे, बायकांना बसायची सोय आहे का ते खरे लिहावे. नसेल तर मालकाशी बोलून एक कोपरा करून घ्यावा. फलक रंगवून द्यावा, त्याला दोनशे-तीनशे रुपयांचा रंग लागतो.

मग एक वाट आखावी. पाणचक्कीपासून निघायचे, महमूद दरवाजा, 1612 मध्ये मलिक अंबरने बांधलेला भडकल दरवाजा, बुढ्ढीलेनमध्ये नान-खलिया, सिटी चौक, गुलमंडीत इमरती, शेवटी शहागंज. चालत दोन-तीन तासांची ही वाट आहे. तिच्यावर मुसलमान भट्टीवाला आहे, मारवाडी हलवाई आहे, भाजी विकणाऱ्या गावाकडच्या बायका आहेत. इतिहास सांगत नेणारा गाइड तुमच्यातलाच असावा आणि त्याने तो मराठीत सांगावा, कारण येणाऱ्यांत पुण्या-नाशिक-कोल्हापूरचे लोक फार असतात. जुन्या शहरातला मुसलमान मुलगा आपल्याशी सहज मराठीत बोलतो, याचेच त्यांच्यापैकी काहींना नवल वाटेल. वाटू द्या. पुढच्या वेळी वाटणार नाही.

रिक्षावाल्या मामूंनाही यात घ्या. पाहुण्याला कुठे न्यायचे हे शेवटी तेच ठरवतात, आणि त्यांच्यातले अर्धेअधिक रात्री त्याच भट्टीवर जेवतात. पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरपासून सुरू होतो. त्याआधी दहा ठिकाणांचे फलक रंगवून झाले आणि दहा नावे नकाशावर आली, तरी या वर्षी वेरूळ पाहून परतणाऱ्या एखाद्या कुटुंबाला रात्री कुठे जेवायचे हे विचारावे लागणार नाही.